पिकअप उचलण्याआधी वजनकाट्यावर न्या

पिकअपच्या मालकांना पडणारा प्रश्न एकच असतो, फक्त तो दोन तऱ्हांनी विचारला जातो. बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धावर भाडं मारणारे विचारतात, "माल भरला की गाडी मागून बसते, किती पाटे वाढवू?" इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हौसेनं घेतलेले विचारतात, "गाडीचं तोंड खाली दिसतं, लेव्हलिंग किट बसवू की सरळ दोन इंचांची लिफ्ट?" दोघंही उंचीबद्दल विचारतात आणि दोघांनाही उत्तर वजनाच्या हिशेबातून मिळतं. गाडी किती उंच उभी राहते हे तिच्यावर किती भार आहे आणि तो झेलणारी स्प्रिंग किती ताठ आहे यावर ठरतं. भार मोजल्याशिवाय निवडलेलं किट हा निव्वळ अंदाज असतो, मग ते कितीही नामांकित कंपनीचं असो. तुमच्या गाडीला खरोखर काय हवं आहे, कशाची गरज नाही आणि काय केल्यानं तुम्ही अडचणीत याल, हे ठरवायला उपयोगी पडेल तेवढंच इथे सांगितलं आहे.

मागून उंच असणं हा दोष नाही

मोकळी पिकअप मागून थोडी वर आणि पुढून थोडी खाली उभी असते, कारण ती हौद्यात माल असेल हे धरूनच बनवलेली असते. माल चढला की मागचे पाटे दबतात आणि गाडी जवळपास सपाट होते. लेव्हलिंग किट पुढची बाजू उचलून मोकळी गाडीच सपाट करतं, म्हणजे मालासाठी राखून ठेवलेली उंची आधीच खर्च होते. मग माल भरल्यावर गाडीचं तोंड आकाशाकडे जातं. याचा पहिला त्रास तुम्हाला होत नाही, समोरून येणाऱ्याला होतो. साधा हिशेब करून पाहा. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सचा व्हीलबेस ३.१ मीटरच्या आसपास आहे. किटनं पुढची बाजू ४० मिमी वर गेली आणि मालानं मागची बाजू ६० मिमी खाली आली, तर फरक १०० मिमीचा, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या जवळपास. या कोनामुळे २५ मीटरवर हेडलाइटचा झोत सुमारे ८० सेंटीमीटर वर सरकतो. मूळ लो-बीम साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे तेवढ्याच अंतरावर २५ सेंटीमीटर. तो सगळा झुकाव संपून प्रकाश थेट समोरच्या कारचालकाच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचं बटण असेल तर काही भाग भरून निघेल, सगळा नाही.

"पण मी माल भरतच नाही, गाडी फक्त फिरायला आहे," असं कोणी म्हणेल. मग लेव्हलिंगला माझा विरोध बराच कमी होतो. गाडी कशी दिसावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. तरी एकदा बेरीज करा. पाच माणसं ७५ किलोप्रमाणे धरली तर ३७५ किलो झाले. त्यात हौद्यावरचा कॅनोपी, तंबू, पाण्याचा कॅन आणि मोठा स्टीलचा बंपर धरला, तर "रिकामी" गाडी रिकामी राहत नाही.

आधी मोजा

मोजायला गॅरेज लागत नाही, सकाळचा थोडा वेळ पुरतो.

- गाडी सपाट जागी लावा, टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा भरा आणि टाकी भरून घ्या. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.
- मार्केट यार्डात किंवा साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी तीनदा घाला: संपूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं. हे आधी मोकळ्या गाडीचं करा आणि मग नेहमीइतका माल भरून.
- भरलेल्या गाडीची चाकापासूनची चारही मापं पुन्हा घ्या.
- आरसीवरचं अनुज्ञेय एकूण वजन, दाराजवळच्या पट्टीवरचा टायरचा दाब आणि टायरवरचा भारांक शेजारी लिहून ठेवा.

या कागदाकडे पाहिल्यावर बरेच प्रश्न तिथेच मिटतात. डावी-उजवी बाजू २० मिमीनं वेगळी असेल, तर किट नको, एखादा तुटलेला पाटा किंवा गेलेला बुश शोधा. भरलेल्या गाडीचं वजन आरसीवरच्या आकड्याच्या पुढे गेलं असेल, तर तुमची अडचण सस्पेन्शनची नाहीच. आणि वजन मर्यादेत असूनही मागची बाजू बंप स्टॉपरला टेकत असेल, तर पाटे थकले आहेत, ते बदलायचे. पाटा थकला की त्याची कमान उतरते आणि तो सरळ दिसू लागतो. अशा संचात एक नवा ताठ पाटा घुसवला, तर सगळा भार तोच झेलतो आणि आधी तोच तुटतो.

मागून बसणाऱ्या गाडीसाठी

इथे चार पर्याय पुढे केले जातात आणि त्यांची गल्लत हमखास होते. पहिला म्हणजे एक-दोन पाटे वाढवणं. ते स्वस्त आहे, गावोगावी होतं आणि भरलेली गाडी खरोखर कमी बसते. पण पाटा चोवीस तास गाडीतच असतो. रिकाम्या परतीच्या फेरीत मागची बाजू उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटते. रोज भरून जाऊन भरूनच येणाऱ्या गाडीला हे चालू शकतं, आठवड्यातून दोन दिवस माल नेणाऱ्याला नाही. दुसरा पर्याय हेल्पर पाट्याचा. तो मुख्य संचाच्या वर राहतो आणि ठरावीक भार आल्यावरच टेकतो. कमी-जास्त भार वाहणाऱ्यांना मला हाच बरा वाटतो. तुमच्या गाडीला कंपनीनं तो आधीच दिला आहे का, हे आधी पाहा. तिसरा पर्याय म्हणजे चॅसी आणि एक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजेच एअरबॅग. भार असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची. सोय उत्तम आहे, पण त्या सगळा जोर चॅसीच्या एकाच जागी देतात, तिथलं ब्रॅकेट वेल्डिंगनं नव्हे, नटबोल्टनं बसवलेलं असावं, आणि गळती झाली तर गाडी अचानक एका बाजूला कलते.

चौथा पर्याय मी टाळायला सांगेन: पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ब्लॉक, किंवा लांब शॅकल. दोन्हींनी उंची वाढते, ताकद तसूभरही वाढत नाही, त्यामुळे माल भरला की गाडी तितकीच बसते, फक्त जरा वरून. ब्लॉकमुळे एक्सल आणि पाटा यांतलं अंतर वाढतं. जोरात ॲक्सिलरेटर दिला की एक्सल पाट्यांना पीळ देतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. लांब शॅकलचा हिशेबही लोक चुकवतात. शॅकल ५० मिमी लांब केली तर गाडी ५० नव्हे, साधारण २५ मिमी उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक वर जातं. त्यातही पिनियनचा कोन बदलतो. ब्लॉकवर ब्लॉक चढवणं आणि पुढच्या एक्सलला ब्लॉक घालणं, या दोन गोष्टी कुणी सुचवल्या तर ते गॅरेज बदला.

"पंधरा वर्षं पाटे वाढवतोय, काही झालं नाही," हा आक्षेप खोटा नाही. पाटा टिकतोही. पण पाट्यानं भार झेलला म्हणून हबची बेअरिंग, एक्सल, टायर आणि ब्रेक यांची कुवत वाढत नाही. यातली सर्वांत कमी चर्चिली जाणारी गोष्ट ब्रेकची आहे. अनेक मालवाहू पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चॅसीपर्यंत एक सळी असते आणि ती ब्रेकच्या एका झडपेला जोडलेली असते. मेकॅनिक तिला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी मागून दबली की झडप समजते की भार आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी वर असेल तर ती मोकळी आहे असं समजून दाब कमी ठेवते, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. आता तुम्ही पाटे वाढवले. दीड टन माल असूनही मागची बाजू पुरती दबत नाही. झडपेला गाडी अर्धी रिकामी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात, आणि कसारा किंवा कात्रजच्या उतारावर सगळं काम पुढच्या ब्रेकवर येतं. लिफ्ट केलेल्या गाडीतही नेमकं हेच घडतं. म्हणून पाटे बदलले की ही सळी कंपनीच्या मापानुसार पुन्हा लावून घेणं ऐच्छिक नाही. तुमच्या गाडीत सळीऐवजी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असेल तर ही एक काळजी कमी.

पुढची बाजू उचलायची असेल तर

व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्यांत पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असते, मागे पाटे. पुढची बाजू दोन मार्गांनी उचलली जाते. स्वस्त मार्ग म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसरची चकती. ही चकती २५ मिमीची असली तरी शॉकअप चाकापेक्षा आत बसत असल्यामुळे चाकाशी उचल दीडपट ते दुप्पट होते. पिशवीवर "एक इंच" लिहिलेलं पाहून घेणारे इथेच फसतात. शिवाय चाक खाली लटकताना आता कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडे जातं आणि त्याचा भार वरच्या बॉल जॉइंटवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर येतो. महाग मार्ग म्हणजे वजनानुसार निवडलेली नवी कॉइल आणि तिला जुळणारा शॉकअप. माझं मत स्पष्ट आहे: बदल करायचाच असेल तर दुसरा मार्ग घ्या, आणि पैसे जमेपर्यंत काहीच करू नका. स्पेसर बसवून काही महिन्यांत तोच काढून चांगलं किट घालणारे कमी नाहीत, म्हणजे खर्च दोनदा. जुन्या काही गाड्यांत पुढे टॉर्शन बार असतो आणि त्याचा बोल्ट फिरवून उंची फुकटात वाढवता येते. हा मोह तर सर्वांत फसवा. बार ताठ होत नाही, चाकाला खाली जायची जागा मात्र संपते.

साधारण ४० ते ५० मिमीच्या पुढे गेलात की मूळ वरचे आर्म पुरत नाहीत. चाकांचा कॅस्टर बिघडतो, हायवेवर स्टिअरिंग हलकं आणि भरकटल्यासारखं होतं, वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही. अलाइनमेंटच्या दुकानात "होत नाही, पण चालेल" असं उत्तर मिळालं, तर ते चालणार नाही असं समजा आणि नवे आर्म धरूनच खर्चाचा अंदाज काढा.

पूर्ण लिफ्टमधून काय मिळतं

लिफ्टचं समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं असतं की कोकणातल्या पायवाटा, शेतातले बांध, नदीतली वाट यांसाठी उंची हवीच. हे खरं आहे आणि अशा वापरात ४०-५० मिमीची, चारही बाजूंना जुळवलेली लिफ्ट मला योग्य वाटते. बंपर बांधाला घासत नाही, पोट टेकत नाही, मोठ्या टायरला जागा मिळते. पण एक गोष्ट लिफ्ट करत नाही. मागचा एक्सल अखंड असतो, तो स्प्रिंगच्या खाली असतो, आणि स्प्रिंग कितीही उचलली तरी त्याच्या मधल्या गोलाकार हाउसिंगखालची जागा जशीच्या तशी राहते. ती वाढवतो फक्त टायर. २४५/७० आर१६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिमी असतो आणि २६५/७० आर१६ चा ७७७. म्हणजे हाउसिंगखाली १४ मिमी जास्त मिळाले, आणि त्याच्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८३ च्या वेगानं चालते, गिअर जड होतात, ब्रेकला जास्त मोठं चाक थांबवावं लागतं. खडकाळ वाटेवर जायचं असेल तर लिफ्टच्या आधी चांगले ऑलटेरेन टायर आणि गाडीखालच्या लोखंडी संरक्षक पट्ट्यांवर खर्च करा.

उलटण्याचा धोका हा भावनेचा विषय नाही. दोन चाकांतल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा साधा भागाकार गाडीच्या स्थिरतेचा अंदाज देतो. उदाहरण म्हणून चाकांमधलं अंतर १५७० मिमी आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी धरला तर आकडा १.०५ येतो. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला की ०.९८. सहा टक्क्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण हौद्यात कडेपर्यंत कांद्याच्या गोण्या रचल्या किंवा छतावर तंबू चढवला की गुरुत्वमध्य आणखी वर जातो, आणि वळणाचा वेग तोच ठेवायची सवय मोडत नाही.

कायदा, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकानं मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकानं करायचा नाही. इंधन बदलाचं मान्यताप्राप्त किट किंवा दिव्यांग चालकासाठीची रचना यांसारख्या ठरावीक बाबींना वाट आहे. "अमुक मिलिमीटरपर्यंत उंची चालेल" अशी सूट या कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. कलम १८२ए नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मागच्या पाट्यांवर भरवसा ठेवून माल वाढवणाऱ्यांसाठी कलम १९४ वेगळं आहे: २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. पाटा वाढवल्यानं आरसीवरचं अनुज्ञेय वजन एका किलोनंही वाढत नाही.

"सगळ्यांच्याच गाड्या उचललेल्या दिसतात, आरटीओ कुठे पकडतं?" रस्त्यावर कदाचित नाही पकडणार. मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी मात्र टळत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी गाडी पासिंगला न्यावीच लागते. आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच. म्हणून बदल करण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा, विमा कंपनी मान्य करत असेल तर पॉलिसीवर नोंद करून घ्या. तोंडी "हो, चालतं" याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. दावा फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत.

वॉरंटीच्या बाबतीत डीलर कधीकधी "किट बसवलंत, सगळी वॉरंटी संपली" असं सांगून मोकळे होतात. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट यांचे दावे नाकारले जाणं समजण्यासारखं आहे. पण एसी किंवा इन्फोटेनमेंट बिघडलं तर किटशी संबंध काय, हे लेखी मागा आणि वॉरंटी पुस्तिकेतलं नेमकं कलम दाखवायला सांगा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. "गाडी धंद्यासाठी आहे म्हणजे तुम्ही ग्राहक नाही," असं कोणी सांगितलं तर ते पुरतं खरं नाही: स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूत धरलेली नाही. स्वतः चालवत असलेल्या एकाच पिकअपवर घर चालवणाऱ्यानं हा मुद्दा सोडू नये. दहा गाड्यांच्या मालकाला तो मिळणं कठीण आहे.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना

- किटच्या विक्रेत्याला वजनकाट्याचे आकडे द्या आणि मागच्या पाट्यांचा संच किती किलो कायम भारासाठी आहे हे बिलावर लिहून घ्या. कायम ३०० किलोसाठीचा संच मोकळ्या गाडीला कडक लागेल, आणि कायम ५०० किलो वाहणाऱ्याला तोच मऊ पडेल.
- जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू देऊ नका. ते एकदा ताणले गेलेले असतात.
- बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करायला सांगा. जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.
- ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लटकवून ताणल्या जात नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहा.
- अलाइनमेंटचा छापील कागद घ्या, हेडलाइट त्याच दिवशी भिंतीवर लावून घ्या, आणि ५०० ते १००० किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासून घ्या.
- काढलेले मूळ पाटे, कॉइल आणि शॉकअप भंगारात देऊ नका. पासिंगच्या वेळी किंवा गाडी विकताना ते परत बसवावे लागू शकतात.